पेन ज्याचे त्याच्या हातात

(साहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात मेळघाटातील विद्यार्थी वसतिगृहाच्या कार्यकर्त्या भगिनींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला वीस मिनिटे दिली आहेत आणि वसतिगृहाचा वृत्तान्त सांगायला सांगितले आहे. तांदूळ किती आला, चादरी किती वाटल्या, नव्या संडासांचे काम कुठवर आले हे सगळे छापील अहवालात आहे. तो अहवाल तुम्ही माझ्यापेक्षा बारकाईने वाचता हे मला तुमच्या पत्रांवरून ठाऊक आहे. म्हणून आज मी एकाच गोष्टीविषयी बोलते. अहवालात तिला एक ओळ मिळाली आहे : ‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लेखनसाहाय्य, आठवड्यातून दोन दिवस.’ तिच्यापुढे खर्चाचा आकडा जवळजवळ नाहीच. ती ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटली असेल. एका काकांच्या नजरेतून मात्र सुटली नाही. त्यांनी मला बाहेर चहाच्या वेळी विचारले, “ताई, आपण तिथे सुवार्तेसाठी गेलो की शुद्धलेखनासाठी?” त्यांना मी म्हटले, भाषणात उत्तर देते. काका पुढेच बसले आहेत, त्यामुळे आता सुटका नाही.

आमचे वसतिगृह परतवाड्याला आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतली मुले-मुली बारावीनंतर सेमाडोहमार्गे घाट उतरून कॉलेजसाठी इकडे येतात. मेळघाट म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे वाघ येतो आणि कुपोषण येते. माझ्या डोळ्यांपुढे बी.ए.च्या पहिल्या वर्षाची उत्तरपत्रिका येते, लाल शाईने भरलेली.

आमच्याकडची बहुतेक मुले कोरकू आहेत. कोरकू ही भाषा मराठीची बोली नव्हे, हे आधी सांगते, कारण इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांचा तसा समज असणार. मराठी, हिंदी, गुजराती या एका घरच्या. कोरकूचे गोत वेगळे, ती संथाली आणि मुंडारीच्या कुळातली. २०११च्या जनगणनेत तिचे बोलणारे सव्वासात लाखांच्या आसपास होते, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र मिळून. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत, तीत कोरकू नाही. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. इतका साधा अर्थ आहे.

तर या मुलाने घरी कोरकू बोलायची. बाजारच्या दिवशी हिंदी, कारण धारणीपासून मध्य प्रदेशची हद्द जवळ आणि व्यापारी हिंदी बोलणारे. एस.टी.च्या कंडक्टरशी आणि शाळेतल्या शिपायाशी वऱ्हाडी. पुस्तकात प्रमाण मराठी. आणि कॉलेजात इंग्रजीचा पेपर. म्हणजे अठराव्या वर्षी त्याच्यापाशी पाच भाषा आहेत. आपल्या पुण्या-मुंबईतल्या मुलाला पाच भाषा येत असत्या तर आपण मंडळीत उभे करून टाळ्या वाजवल्या असत्या. याच्या वहीवर शेरा असतो, ‘भाषा कच्ची.’

हा कच्चेपणा कसा दिसतो त्याचे एक उदाहरण देते. समाजशास्त्राच्या पेपरात एका मुलाने लिहिले, ‘आमच्या गावात मुलींना शिक्षा मिळत नाही.’ तपासणाऱ्यांनी शेजारी प्रश्नचिन्ह काढले आणि गुण कापले. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. पोराने बाजारातून उचललेला शब्द मराठीत ठेवला आणि वाक्याचा अर्थ उलटा झाला. दुसऱ्याने लिहिले, ‘मला शिकवण्यासाठी वडिलांनी खूप चेष्टा केली.’ हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, धडपड. वर्गात ते वाक्य मोठ्याने वाचले गेले आणि पोरे हसली. ज्या बापाने बैल विकून फी भरली, त्याची त्या दिवशी खरोखरच चेष्टा झाली.

लिंगाचेही तसेच आहे. कोरकूत पुल्लिंग-स्त्रीलिंग-नपुंसकलिंग असा भेद नाही. सजीव आणि निर्जीव असा आहे. आता तुम्हीच सांगा, खुर्ची ‘ती’ का आणि पलंग ‘तो’ का? आपण आईच्या कडेवर हे शिकलो म्हणून आपल्याला प्रश्न पडत नाही. त्याच्या उलट एक गंमत सांगते. आपल्या मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत फरक आहे. ऐकणाऱ्याला धरून बोललो तर ‘आपण’, सोडून बोललो तर ‘आम्ही’. हिंदीवाल्याला हे लवकर पचत नाही, त्याचे सगळीकडे ‘हम’. कोरकू मूल इथे अडखळत नाही, कारण त्याच्या भाषेत हा भेद आहेच, शिवाय दोघांसाठी वेगळे रूप आणि अनेकांसाठी वेगळे. म्हणजे काही बाबतींत त्याची भाषा आपल्यापेक्षा जास्त नेमकी आहे. हे त्याला आजवर कोणी सांगितलेले नसते. मी सांगते तेव्हा मुले आधी अविश्वासाने बघतात, मग आपसात तपासून पाहतात आणि हसतात.

पवित्र शास्त्रात शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात एक भयंकर प्रसंग आहे. आपण त्यावर उपदेश फारसा ऐकत नाही. गिलादी लोकांनी यार्देनेचे उतार अडवले. पलीकडे जाऊ पाहणारा एफ्राइमी आहे की नाही हे ओळखायला त्याला एकच शब्द म्हणायला लावत, ‘शिब्बोलेथ’. त्याच्या तोंडून ‘श’ निघाला नाही, ‘सिब्बोलेथ’ आले, की तिथेच त्याला मारत. बेचाळीस हजार माणसे पडली असे लिहिले आहे. एका अक्षराच्या उच्चारावर. डिप्लोमाच्या वर्गात हा अध्याय शिकताना तो मला जुन्या टोळ्यांच्या भांडणाचा वाटला होता. परतवाड्याला आल्यावर कळले की ती नदी अजून वाहते. शाळेला ‘साळा’ म्हटले, पाण्याला ‘पानी’ म्हटले की उतारावरचा माणूस ओळखतो, हा आपल्यातला नाही. आता कोणी जीव घेत नाही. फक्त पलीकडे जाऊ देत नाही.

मी नगरकडची. आमच्या घरात ‘व्हतं’ आणि ‘न्हाई’ असेच बोलतात, अजूनही. माझी नदी अरुंद होती. या मुलांची फार रुंद आहे.

हे सांगताना मास्तर-प्राध्यापकांवर सगळे ढकलावे असे मला वाटत नाही. शंभर-सव्वाशे उत्तरपत्रिका, ठरलेली मुदत, बसून बोलायला वेळ कुणाला? आणि शुद्धलेखनाला माझा विरोध नाही. स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरताना, नोकरीचा अर्ज लिहिताना प्रमाण मराठी लागते आणि ती या मुलांना आलीच पाहिजे. जे मुलाला ‘तू लिही तसे बरोबर’ म्हणून सोडून देतात ते त्याला नदीच्या अलीकडेच ठेवतात. पण शुद्ध म्हणजे पवित्र असे आपण जे मानतो, त्याची एक गंमत बघा. तुमच्या घरातले जुने पवित्र शास्त्र किंवा आजोबांच्या वेळचे गीतांचे पुस्तक काढा. ‘घरांत’, ‘तें’, ‘कां’, पानोपानी अनुस्वार. १९६२ साली नियम बदलले आणि ते अनुस्वार गेले. आजच्या नियमाने आपल्या आजोबांची सगळी पत्रे अशुद्ध आहेत. देवाने ती प्रार्थना म्हणून ऐकली असतील अशी आशा आहे.

आता टेबलाकडे येते. हे टेबल मेसमधले, जेवणाचे. जेवणे उरकली की पुसून घ्यायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी सात ते नऊ. सुरुवात अर्जांपासून झाली. शिष्यवृत्तीचा अर्ज, स्वयंम योजनेचा अर्ज, जात वैधतेच्या प्रकरणाला जोडायचे पत्र. मुले कोरा कागद घेऊन यायची आणि म्हणायची, “मॅडम, लिहून द्या.” लिहून देणे सोपे होते, दहा मिनिटांत मोकळे. पण पुढच्या महिन्यात तेच मूल तोच कोरा कागद घेऊन पुन्हा दारात. म्हणून टेबलाचा पहिला नियम ठरला : पेन ज्याचे त्याच्या हातात. आम्ही कुणीही मुलाच्या कागदावर पेन टेकवत नाही. बोटाने दाखवायचे, विचारायचे, थांबायचे. थांबणे सगळ्यात कठीण आहे. माझ्याबरोबर एक निवृत्त शिक्षिका बसतात, चाळीस वर्षे लाल पेन चालवलेल्या. त्या हात मांडीखाली दाबून बसतात, खरेच सांगते.

दुसरा नियम, आधी बोलायचे. उत्तर लिहायच्या आधी ते आपल्या भाषेत सांगायचे. मला कोरकू समजते, पण सगळी नाही. म्हणून वरच्या वर्गातला एक कोरकू मुलगा टेबलाशी असतो. पहिल्या वर्षाचे मूल त्याला कोरकूत सांगते, तो उलटे प्रश्न विचारतो. काही जण ते मोबाइलवर रेकॉर्ड करतात आणि मग ऐकत ऐकत मराठीत उतरवतात. फरक इतका पडतो की विश्वास बसणार नाही. जे मूल मराठीत तीन ओळींत संपते, ते कोरकूत पंधरा मिनिटे बोलते. विचार होताच. त्याला बाहेर यायला दार नव्हते.

तिसरी गोष्ट म्हणजे चुकांचा क्रम. ज्या चुकीने अर्थ उलटतो ती आधी, ‘शिक्षा’ आणि ‘चेष्टा’सारखी. मग वाक्यात कर्ता-क्रियापद जुळते का ते. ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यांत शेवटी. एका बैठकीत दोनच प्रकारच्या चुका, जास्त नाहीत. प्रत्येकाची एक छोटी वही असते, तिच्यात स्वतःच्या नेहमीच्या चुका स्वतः लिहायच्या. एका मुलीच्या वहीचे नाव ‘माझे शत्रू’ आहे. पहिल्या पानावरचे पाच शत्रू तिने दिवाळीपर्यंत खोडले. ‘परिस्थिती’ अजून उभा आहे.

एक गोष्ट मात्र आम्हालाही टेबलावर बसल्यावरच कळली, आणि मला वाटते सगळ्यांत जास्त गुण तिच्यामुळे जातात. प्रश्नपत्रिकेतले आज्ञार्थी शब्द. ‘टीप लिहा’, ‘स्पष्ट करा’, ‘विशद करा’, ‘चर्चा करा’, ‘साम्यभेद सांगा’. शाळेपासून मूल हे शब्द बघत आले, पण प्रत्येकात वेगळे काही मागितले आहे हे त्याला कोणी उलगडून सांगितलेले नाही. त्यामुळे प्रश्न कोणताही असो, आठवेल ते सगळे लिहायचे. ‘स्पष्ट करा’ म्हणजे काय आहे आणि का आहे. ‘चर्चा करा’ म्हणजे ही बाजू, ती बाजू आणि मग तुला काय वाटते. एक मुलगा म्हणाला, “मला काय वाटते तेपण लिहायचे? ते चालते?” बारा वर्षे शाळेत काढलेला मुलगा. आमच्या त्या वरच्या वर्गातल्या पोराने मग एक तक्ता केला. डावीकडे प्रश्नपत्रिकेतला शब्द, उजवीकडे देवनागरीत कोरकूमध्ये त्याचा अर्थ. तो मेसच्या भिंतीवर, फळ्याशेजारी लावला आहे. आमटीचे डाग पडलेत, पण वाचता येतो.

कोरकू लिहिलेली पाहून आमच्या एका पाहुण्यांनी विचारले, या भाषेला व्याकरण असते का? असते, आणि ते छापलेही आहे. जॉन ड्रेक नावाच्या मिशनऱ्यांनी १९०३ साली कोरकू भाषेचे व्याकरण लिहून कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशन प्रेसमधून प्रसिद्ध केले. ते या डोंगरात आले तेव्हा त्यांनी आधी बसून ऐकले, मग लिहिले. आपण त्यांच्या कामाचे वारस म्हणवतो.

आता मी एका मुलीविषयी सांगते. नाव सांगत नाही, तिची परवानगी घेतली आहे. दुसऱ्या वर्षाला होती. नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्रप्रकल्प आले आहेत, म्हणजे गावात जाऊन माहिती घ्यायची आणि अहवाल लिहायचा. तिचा विषय होता ‘गावातील आरोग्यविषयक सवयी’. तिने पहिला मसुदा दिला तो ‘भाषा सुधारा, पुन्हा लिहा’ म्हणून परत आला. दुसराही आला. तिसऱ्या वेळी ती टेबलाशी आली ती कागद दाखवायला नव्हे, वसतिगृहातून नाव कमी करायचा अर्ज कसा लिहायचा हे विचारायला.

मी म्हटले, अर्ज लिहू, आधी तो अहवाल बघू दे. पहिल्याच पानावर वाक्य होते : ‘मेळघाटातील आदिवासी अज्ञानी व अंधश्रद्धाळू असल्यामुळे ते दवाखान्यात न जाता भूमकाकडे जातात.’ शुद्ध मराठी, एकही चूक नाही. मी विचारले, हे कुणाचे? म्हणाली, गाईडमधले. बाकीची सगळी वाक्ये तिची होती, मोडकी. हे एकच सरळ होते आणि ते तिच्या आईविषयी होते.

मी त्या मुलाला खूण केली. दोघे कोरकूत बोलू लागले. मला मधले मधले कळत होते. तिच्या काकूचे बाळ तापले होते. भूमका, म्हणजे त्यांचा गावातला वैदू, बारा घरे सोडून. प्राथमिक आरोग्य केंद्र लांब, जीप फक्त बाजारच्या दिवशी. तरी काकू गेली. तिथे सिस्टरांनी मराठीत विचारले, कधीपासून, काय खाल्ले. काकूने कोरकूत सांगितले. सिस्टर म्हणाल्या, नीट बोल. काकू गप्प झाली आणि परत आली. भूमकाने बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके दिले. हेही ती सांगत होती, लपवत नव्हती. बाळ वाचले, डाग आहेत.

बोलणे संपल्यावर मी एवढेच म्हटले, हे लिही. ती म्हणाली, “हे लिहायचे असते?” त्या रात्री नाही, पुढच्या मंगळवारी ती चार पाने घेऊन आली. त्यांत एक जागा होती, तिचे मूळ क्रियापद चुकले होते, नंतर तिनेच सुधारले : ‘भूमका आमच्यासोबत रात्रभर बसतो. दवाखान्यात आम्हाला बसवून ठेवतात.’

मंडळी, मी धर्मशिक्षण घेतले आहे, समाजकार्य करून वीसेक वर्षे झाली, मेळघाटावरचे पुष्कळ अहवाल वाचले आहेत. आपल्या मिशनच्या पत्रकांतही भूमकावर लिहून येते, मीही वाचते. तो तिथे रात्रभर का टिकून आहे हे इतक्या थोड्या शब्दांत मी कुठे वाचले नव्हते. आणि तिने चटक्यांचे समर्थन केले नाही. शेवटी तिने लिहिले की आरोग्य केंद्रात एक तरी कोरकू बोलणारी बाई सकाळपासून बसली पाहिजे, म्हणजे आया परत जाणार नाहीत. हा उपाय तिला गाईडने दिला नाही.

प्राध्यापकांनी तिला पन्नासपैकी चौतीस गुण दिले आणि शेरा लिहिला, ‘निरीक्षण स्वतःचे आहे. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.’ शेरा मला योग्य वाटला. नाव कमी करायचा अर्ज लिहायचा राहून गेला. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. मी तिला म्हणते, तू आता पहिल्या वर्षाच्या मुलींबरोबर टेबलाशी बस. ती लाजते आणि भाजी चिरायला पळते.

सगळ्यांचे असे होत नाही. गेल्या वर्षी टेबलाशी येणारे दोघे दिवाळीनंतर परतलेच नाहीत, घरची माणसे मजुरीला बाहेरगावी गेली, ही पोरेही गेली. एक मुलगा इतिहासाच्या पेपरात तीनदा बसला आणि आम्ही तिन्ही वेळा त्याच्याबरोबर बसलो. टेबलाने पोट भरत नाही आणि जीपही चालू होत नाही.

आणि आता मोबाइल आला आहे. प्रश्न टाकला की गुळगुळीत मराठीत तयार उत्तर. मुले विचारतात, ताई, मग आम्ही का झगडायचे? मी त्यांना रागवत नाही. ज्याचे प्रत्येक वाक्य चुकीचे ठरवले गेले, तो दुसऱ्याचे वाक्य उचलणारच, मग ते गाईडमधले असो की मोबाइलमधले. शब्दाचा अर्थ विचारायला, हिंदीतला शब्द मराठीत कसा होतो ते बघायला आम्ही मोबाइल वापरू देतो. पण ‘भूमका रात्रभर बसतो’ हे त्यात सापडणार नाही, कारण ते अजून कोणी लिहिलेच नव्हते.

ही अडचण आपल्याच डोंगरातली आहे असेही नाही. १९७० साली न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या सगळ्या शाळा पास मुलांना दार उघडले. गरीब, काळे, पोर्तो रिकोहून आलेले, घरी दुसरीच भाषा बोलणारे हजारो विद्यार्थी आत आले आणि प्राध्यापक हादरले, यांना लिहिता येत नाही म्हणून. मिना शॉनेसी नावाच्या बाई तिथे शिकवत. त्यांनी या मुलांचे सुमारे चार हजार निबंध घेऊन वाचले आणि १९७७ साली पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की या चुका आळसाच्या नाहीत, प्रत्येक चुकीमागे काही एक हिशोब आहे. शिक्षकाने तो हिशोब आधी समजून घ्यावा. एका प्रशिक्षणात मला हे ऐकायला मिळाले, आणि ‘शिक्षा’ शब्द डोळ्यांपुढे आला.

आमची मुले ज्या विद्यापीठाची पदवी घेतात त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. गाडगेबाबा शाळेत गेले नव्हते आणि त्यांचे कीर्तन वऱ्हाडीत चाले. पलीकडे जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका मावसभावाने उतरवून घेतली म्हणून राहिली. कुणीतरी शेजारी बसून उतरवून घेतले आणि त्यांची बोली सुधारायला गेले नाही, हे मला त्यात फार मोलाचे वाटते.

काका, आता तुमच्या प्रश्नाकडे. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात एक माणूस मध्येच डोके वर काढतो आणि स्वतःचा सलाम सांगतो. त्याचे नाव तर्तिय. पत्र पौलाचे, पण कागदावर लिहिले त्याने. आपण ते पत्र हजार वेळा वाचतो, तर्तियाचे नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. पौलाला इब्री येत होती, ग्रीक येत होती, विद्वान माणूस. त्यालाही शेजारी बसणारा लागला. दुसरीकडे पेत्र बघा. महायाजकाच्या वाड्यातल्या अंगणात लोकांनी त्याला ओळखले ते त्याच्या गालीली बोलीवरून, आणि तो भ्याला. काही आठवड्यांनी यरुशलेमात तोच उभा राहून बोलला तेव्हा जमाव चकित झाला, कारण गालीली माणसांच्या तोंडून जो तो आपापली भाषा ऐकत होता. पवित्र आत्म्याने सगळ्यांना एक प्रमाण भाषा शिकवली नाही. मला तरी पेंटेकॉस्टचा अर्थ तिथे सापडतो. तुम्हाला वेगळा सापडला तर जेवताना बोलू.

आणि हेही स्पष्ट सांगते. टेबलाशी येणारी पुष्कळ मुले ख्रिस्ती नाहीत. त्यांना आम्ही पत्रके देत नाही, प्रार्थनेला बसा म्हणत नाही. एकदा एका मुलाने विचारले, तुम्ही रोज दोन तास फुकट का बसता? मी त्याला सांगितले. विचारले म्हणून सांगितले.

आता मागणे. पैसे मी आज मागत नाही, ते खजिनदार मागतील. मला माणसे हवी आहेत. परतवाडा, अचलपूर, अमरावती इथल्या मंडळ्यांत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत-कचेरीत आयुष्यभर मसुदे लिहिलेले आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ या. कोरकू येत नसेल तर चालेल, शिकवणारे टेबलाशीच आहेत. लांब राहणाऱ्यांनी फोनवर अर्धा तास द्यावा. मूल आपला मजकूर मोठ्याने वाचेल, तुम्ही फक्त ऐका आणि जिथे कळले नाही तिथे ‘इथे कळले नाही’ म्हणा. दुरुस्त करून पाठवू नका. चार चांगले मराठी शब्दकोश आणि दोन हिंदी-मराठी कोश हवेत, आहेत त्यांची पाने सुटली आहेत. जुनी गाईडे आणि ‘आदर्श निबंध’ कृपा करून पाठवू नका. गेल्या नाताळात एक खोके भरून आली, अजून कपाटावर आहेत.

आमचा तो तक्ता करणारा मुलगा यंदा पदवी घेऊन जाईल, त्याच्या जागी अजून कोणी तयार नाही. त्याच्यासाठी आणि भाजी चिरायला पळणाऱ्या त्या मुलीसाठी प्रार्थनेत आठवण ठेवा. क्षेत्रप्रकल्प जमा करायची घाई सत्र संपताना होते, त्या वेळी टेबल दोनऐवजी चार दिवस मांडावे लागेल. ज्यांना यायचे आहे त्यांनी जेवणाच्या सुटीत दाराजवळच्या वहीत नाव आणि कोणता वार जमेल तो लिहावा. वार नक्की लिहा, नुसते नाव नको.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.